गुंतवणूक विश्लेषक व्हायचंय? आधी स्वभाव तपासा!



शेअर बाजारात विश्लेषक व्हायचं तर गणित पक्कं हवं, असं आपल्याकडे समजतात. गणित लागतंच, पण माणूस टिकतो तो स्वभावावर. हा स्वभाव समजायला मुंबई गाठायची गरज नाही. आपल्या आर्णी भागातला कापूस पाहा.

२०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला. लांब धाग्याचा हमीभाव होता ६,०२५. पुढच्या हंगामात तोच भाव येईल म्हणून विदर्भात अनेकांनी कापूस घरात भरून ठेवला. भाव आला नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात तो ८,००० च्याही खाली होता. मेहनतीत कुठेच कमी नव्हती. चुकला तो अंदाज.

आता विश्लेषक इथं काय करतो?

१. "का?" विचारतो. भाव का चढला? देशात पीक कमी होतं आणि जगात मागणी होती. २०२२ च्या मध्यापासून जागतिक बाजार पडला, सूतगिरण्यांची मागणी घटली. कारणच संपलं, तर भाव कसा टिकेल?

२. मत बदलतो. "मागच्या वर्षी इतका होता" हा आकडा डोक्यात रुतून बसतो. शेअरचंही तेच. नवी माहिती आली की जुनं मत सोडता आलं पाहिजे. इथं अहंकार महाग पडतो.

३. कंटाळवाणं वाचतो. ताळेबंद, त्याखालच्या बारीक टिपा, उधारी, कर्ज. नफा दिसतोय, पण पैसा खरंच हातात आला का? सत्यम कंपनीने कागदावर दाखवलेली ५,००० कोटींहून जास्त रक्कम प्रत्यक्षात नव्हतीच. जानेवारी २००९ मध्ये तिच्या अध्यक्षानेच हे कबूल केलं.

४. सरळ राहतो. ज्या शेअरबद्दल बोलतोय तो स्वतःकडे असेल, तर आधी सांगतो. माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणतो.

हा चौथा गुण नुसता चांगुलपणा नाही, कायदाही आहे. सेबीचे संशोधन विश्लेषकांसाठीचे नियम २०१४ पासून आहेत. नोंदणी न करता व्हॉट्सॲप ग्रुपवर पैसे घेऊन टिप्स विकणं बेकायदेशीर आहे. "सगळेच करतात" म्हणून त्यात पडू नका. रीतसर जायचं तर सेबीची शैक्षणिक पात्रता पाहा, एनआयएसएमची संशोधन विश्लेषकाची परीक्षा द्या आणि नोंदणी करा. मग स्वतःच्या नावाने हा व्यवसाय करता येतो, अगदी आर्णीत बसूनही.

आणि विश्लेषक नाही झालात तरी? पिठाची गिरणी टाका नाहीतर कापडाचं दुकान, पहिली गुंतवणूक तुमचीच असणार. तिथंही हेच चार गुण पैसा वाचवतात.

आता गृहपाठ. एक वही घ्या. सोयाबीन किंवा कापूस, एक निवडा. तीन महिन्यांनी भाव काय असेल आणि का, ते तारीख टाकून लिहा. खाली आणखी एक ओळ लिहा: काय घडलं तर मी माझं मत बदलेन?

पहिला आकडा चुकला तरी चालेल. पण ही शेवटची ओळ लिहिताना हात अडला, तर थांबा आणि विचार करा. खरी तयारी तिथूनच सुरू होते.