श्रवणाची बेगमी

नेरूळ येथें आमच्या बिऱ्हाडीं आमच्या वडील भगिनी आक्का राहतात. दृष्टि मंदावल्यापासून भ्रमणध्वनीवरील कीर्तन हाच त्यांचा सायंकाळचा विसावा. गेल्या पावसाळ्यांत इंटरनेट दोन दिवस बंद पडलें आणि कीर्तन पूर्वरंगांतच थांबलें. त्यांची उदास मुद्रा पाहून आम्हीं श्रवणाची बेगमी करण्याचें ठरविलें.

नातवानें चित्रफितींतून ध्वनि वेगळा काढून देणारें एक संकेतस्थळ दाखविलें. सोय खरी, परंतु परवानगीवांचून अशी उतरवणी यूट्यूबच्या नियमांस मान्य नाहीं, आणि कीर्तनकाराच्या श्रमाचें मोलही बुडतें. सशुल्क सभासदांस संग्रहाची मुभा असते. पण तें धन परहस्तगतच! सभासदत्व संपलें कीं संग्रहही संपला.

मग कायदा पाहिला. १९५७ च्या अधिनियमान्वयें ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षें टिकतो. शब्द व चाल यांचा हक्क कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षें. या दोन्ही मुदती संपलेल्या जुन्या तबकड्या इंटरनेट आर्काइव्हवर मिळाल्यास निःशंकपणें उतरवून घ्याव्या. हयात कीर्तनकारांस आम्हीं पत्रें लिहिलीं; एकानें आनंदानें फाइलच पाठविली. तासाभराच्या कीर्तनास मध्यम प्रतीच्या एमपी-थ्री रूपांत सुमारें ६० मेगाबाइट जागा पुरते.

आतां इंटरनेट असो वा नसो, आक्कांचें कीर्तन उत्तररंगापर्यंत पोहोंचतें. गृहस्थानें धान्याची बेगमी करावी, तशी श्रवणाचीही करावी. मात्र विचारून, चोरून नव्हे.