दोन स्टेज आणि एक मचाण

नाटकाचा प्रयोग जेथे होतो त्या जागेला इंग्रजीत 'स्टेज' म्हणतात. सूक्ष्मदर्शकात काचपट्टी ज्या सपाट चौकोनी भागावर ठेवतात त्यालाही इंग्रजीत 'स्टेज'च म्हणतात. स्नेहसंमेलनात वावरणाऱ्याला पहिले स्टेज ठाऊक असते, प्रयोगशाळेत वावरणाऱ्याला दुसरे. दहावीनंतर दोन वर्षे विज्ञान शाखेत काढून मी कला शाखेत आलो, त्यामुळे दोन्ही स्टेज माझ्या वाट्याला आली. एकाच शब्दाने दोन इतक्या निराळ्या वस्तू कशा दाखवल्या जातात, हा प्रश्न मला तेव्हापासूनच होता. आपल्या ग्रंथालयातला जर्मन-इंग्रजी शब्दकोश हाती आल्यावर या प्रश्नाला पाय फुटले.

'स्टेज' हा शब्द लॅटिनमधल्या 'उभे राहणे' या अर्थाच्या धातूपासून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. आपल्या संस्कृतातला 'स्था' धातू त्याचाच भाऊबंद. म्हणजे स्टेज हे मुळात 'स्थान' होय, उभे राहण्याची जागा. नट तेथे उभा राहतो आणि हजार डोळे त्याच्याकडे पाहतात. कांद्याची साल तेथे ठेवली जाते आणि एकच डोळा तिच्याकडे पाहतो. इंग्रजाने दोन्हीकडे पाहण्याची क्रिया महत्त्वाची मानली आणि शब्द एकच ठेवला.

जर्मन माणसाने मात्र हिशेब वेगळा मांडला. नाटकाच्या स्टेजला तो 'ब्यूने' म्हणतो आणि सूक्ष्मदर्शकाच्या स्टेजला 'ऑब्येक्टटिश', म्हणजे वस्तूचे टेबल. त्याच्या दृष्टीने ही कामाची जागा आहे. टेबलावर वस्तू ठेवायची आणि तपासायची, त्यात नाट्य कसले? काचपट्टीला त्याचा शब्द आहे 'ऑब्येक्टट्रेगर', वस्तू वाहून नेणारा. वरच्या पातळ काचेला 'डेकग्लास', झाकणकाच. प्रत्येक भागाचे नाव म्हणजे त्या भागाचे काम. जर्मन न शिकलेल्या मलाही दोन तुकडे सोडवून दाखवले की तिसरा आपोआप कळू लागला.

इंग्रजी नावांत हा गुण थोडा कमी आहे, पण दुसरा एक गमतीचा गुण आहे. सूक्ष्मदर्शकाला इंग्रजाने माणसाचे शरीर दिले. डोळ्याचा तुकडा, नाकाचा तुकडा, बाहू, पाय अशी नावे त्याच्या भागांना आहेत. ज्या फिरत्या चकतीला दोन-तीन भिंगे लावलेली असतात तिला इंग्रज 'नोजपीस' म्हणतो आणि जर्मन 'रिव्हॉल्व्हर' म्हणतो. जर्मन प्रयोगशाळेत कोणी रिव्हॉल्व्हर फिरवायला सांगितले तर घाबरायचे कारण नाही! 'स्लाइड' या शब्दामागेही अशीच एक जुनी वस्तू आहे. पूर्वीच्या सूक्ष्मदर्शकांत हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या लांब पट्टीत नमुने बसवीत आणि ती पट्टी भिंगाखालून सरकवीत नेत. सरकते ती स्लाइड. आता पट्टी काचेची झाली, पण नाव जुन्या हालचालीचेच राहिले. हीच सरकण्याची कल्पना जर्मन रंगभूमीवरही सापडते. रंगवलेल्या उभ्या फळ्या पूर्वी खोबणीतून आत-बाहेर सरकवीत. फ्रेंचमधला 'सरकता' या अर्थाचा शब्द त्यांना लागला आणि जर्मनमध्ये तो 'कुलिसे' झाला.

आता आपल्याकडे वळू. 'ब्यूने' म्हणजे मुळात फळ्यांचा उंच माळा. दक्षिण जर्मनीतल्या स्वाबियन बोलीत घराच्या पोटमाळ्याला आजही ब्यूने म्हणतात. हे वाचताच मला आपल्या जिल्ह्यातली जोंधळ्याची शेते आठवली. कणसात दाणा भरला की पाखरे राखण्यासाठी चार मेढी रोवून उंच मचाण बांधतात आणि त्यावर गोफण घेऊन राखणदार उभा राहतो. 'मचाण' हा शब्द संस्कृत 'मंच' या शब्दाचाच वंशज आहे. माळव्यातल्या लोकनाट्याला 'माच' म्हणतात तेही त्यातलेच. म्हणजे जर्मन ब्यूने आणि आपले मचाण या दोघांची कल्पना एकच: जमिनीपासून उचललेल्या फळ्या.

'मंच' शब्दाचे दुसरे अपत्य तर तुळजापूरच्या माणसाच्या रोजच्या ओळखीचे. संस्कृतात मंच म्हणजे उंच आसन, तशीच खाटही. शारदीय नवरात्राआधी आणि दसऱ्यानंतर तुळजाभवानीची मूर्ती सिंहासनावरून पलंगावर नेतात, ती देवीची मंचकी निद्रा. तेव्हा आमच्याकडच्या विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाचा 'मंच' असे सांगितले, तर त्याच्या डोळ्यांपुढे नाटक येईल, सभा येईल, देवीचा पलंगही येईल. काचपट्टी ठेवण्याची जागा मात्र सहज येणार नाही. पारिभाषिक शब्द व्याकरणाने बरोबर असूनही परका कसा वाटतो याचे इतके सोपे उदाहरण दुसरे मला सापडलेले नाही.

वास्तविक आपल्या भागाला शास्त्रीय शब्दांचा अनुभव उर्वरित महाराष्ट्राहून वेगळा आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले, आणि त्यासाठी आदल्याच वर्षी 'दारुल तर्जुमा' हे भाषांतराचे खाते उघडण्यात आले होते. पदार्थविज्ञानापासून वैद्यकापर्यंतची पुस्तके तेथे उर्दूत आणली गेली. एवढे मोठे काम भारतीय भाषेत त्या काळी क्वचितच कोणी हाती घेतले असेल. राज्यकर्त्यांविषयीचे आपले मत काहीही असो, त्या भाषांतरकारांचे श्रम मोलाचेच. उर्दूत सूक्ष्मदर्शकाला 'खुर्दबीन' म्हणतात. खुर्द म्हणजे लहान, बीन म्हणजे पाहणारा. गावांच्या नावांतले आपले 'खुर्द' आणि 'बुद्रुक' यांतलेच हे खुर्द. या खुर्दबिनीची सख्खी बहीण 'दुर्बीण' मराठीने घरात घेतली, इतकी की ती फारसी आहे हे कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. खुर्दबीन मात्र बाहेरच राहिली आणि तिच्या जागी 'सूक्ष्मदर्शक' आला. एक बहीण सासरी नांदली, दुसरी आलीच नाही. १६२५ साली रोममध्ये राहणाऱ्या जोहान फाबर या जर्मन वैद्याने 'मायक्रोस्कोप' हा ग्रीक जोडशब्द घडवला, त्याचाही अर्थ अक्षरशः हाच: लहान आणि पाहणे. 'थिएटर' या शब्दाच्या मुळाशीही ग्रीकमधले पाहणेच आहे, आणि आपल्या भरताच्या नाट्यशास्त्रातले 'प्रेक्षागृह' तेच सांगते.

एकाच घरात पणजोबांच्या पिढीने शास्त्र उर्दूत ऐकले, आजोबांच्या पिढीने मराठीत वाचले, आणि आम्ही दहावीपर्यंत मराठीत वाचून अकरावीला इंग्रजीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झाले, त्याने विषयवार परिभाषा कोश काढले. विश्वकोशाचे खंड निघाले. शब्द नाहीत अशी स्थिती मुळीच नाही. नेत्रिका आहे, काचपट्टी आहे, भिंग तर अस्सल जुना मराठी शब्द आहे. पुढच्या भिंगाला कोठे वस्तुभिंग म्हणतात, कोठे पदार्थभिंग. हिंदीत 'पेशी' म्हणजे स्नायू आणि मराठीत 'पेशी' म्हणजे जिला हिंदीवाले कोशिका म्हणतात ती, असाही एक घोळ आहे. पण हे सारे शब्द दहावीच्या परीक्षेबरोबर संपतात. अकरावीच्या पहिल्याच प्रात्यक्षिकाला 'कोर्स ॲडजस्टमेंट' हा शब्द कानी आला, तेव्हा आमच्या बाकावरच्या चौघांपैकी तिघांना तो अभ्यासक्रमातला 'कोर्स' वाटला होता. भिंग भरभर वर-खाली करणारा मोठा स्क्रू आणि हळूहळू करणारा बारीक स्क्रू एवढाच त्याचा अर्थ! जर्मन विद्यार्थी त्याला 'ग्रोबट्रीब' आणि 'फाइनट्रीब' म्हणतो; पहिल्या शब्दात त्याच्या रोजच्या बोलण्यातले 'जाडेभरडे' आहे, दुसऱ्यात 'बारीक'. ज्वारीच्या पिठाविषयी आपण नेमके हेच दोन शब्द वापरतो. विज्ञान सोडून कला शाखेकडे वळणाऱ्या खेड्यांतल्या मुलामुलींत बुद्धी कमी पडलेले थोडे आणि शब्द अडलेले पुष्कळ, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग नाटकाकडे ही अडचण का आली नाही? १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, तेव्हापासून मराठी नाटकवाल्यांनी परकी वस्तू जशी लागेल तशी उचलली आणि तिला तोंडी लागेल ते नाव दिले. पडदा फारसीतून आला, विंग इंग्रजीतून, अंक संस्कृतातून. 'नेपथ्य' हा शब्द संस्कृत नाटकात पडद्यामागची, वेष करण्याची जागा दाखवीत होता; आज त्याचा अर्थ पडद्यापुढची सजावट असा उलटा झाला आहे, आणि कोणाचे काही बिघडलेले नाही. नाटकाच्या लहान भागाला आपण 'प्रवेश' म्हणतो, कारण नवे पात्र आत येते तेथे नवा भाग सुरू होतो. जुन्या जर्मन नाटकांतला शब्द पाहा: 'आउफट्रिट', म्हणजे पाऊल टाकून वर येणे, तोही प्रवेशच. आपण एकमेकांची नक्कल केलेली नाही. दोघांनी एकच गोष्ट पाहिली. अंकाला ते 'आउफत्सुग' म्हणतात, म्हणजे वर ओढणे, पडदा उचलणे.

फिरत्या रंगमंचाचेही असेच. जपानच्या काबुकी रंगभूमीवर तो अठराव्या शतकातच आला होता. युरोपात १८९६ साली म्युनिकला कार्ल लाउटेनश्लेगरने तो बसवला. त्याला जर्मनमध्ये 'ड्रेब्यूने' म्हणतात. १९६२ साली आचार्य अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' आले, प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे आला, आणि 'फिरता रंगमंच' हे दोन शब्द ज्याने नाटक पाहिले नव्हते त्याच्याही तोंडी बसले. कोशातून शब्द काढून कोणी पाठ केला नाही. वस्तू फिरताना दिसली आणि नाव लागले.

याहून धीट उदाहरण १९७८ चे. ब्रेख्तच्या १९२८ मधल्या 'ड्रायग्रोशनओपर' या नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी मराठी नाटक केले. ग्रोशन हे जर्मन नाणे. इंग्रजीत त्याची पेनी झाली, मराठीत पैसा झाला. पण 'ऑपेरा' या शब्दाचे काय करायचे? पुलंनी 'संगीतिका' वगैरे काही न करता नाटकाला 'तीन पैशाचा तमाशा' असे नाव दिले. आपल्या घरात जी वस्तू होती तीच त्यांनी पुढे ठेवली. तमाशा हा शब्दही बाहेरून, फारसीमार्गेच आलेला. तरी तो परका आहे असे म्हणण्याची हिंमत कोण करील? शब्द शुद्ध आहे की नाही यापेक्षा तो घरात वापरला जातो की नाही, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

जाता जाता एक जर्मन शब्द आपल्या स्नेहसंमेलनातल्या कलाकारांसाठी. रंगमंचावर जाण्याआधी जे हातपाय गार पडतात त्याला जर्मनमध्ये 'लाम्पेनफीबर' म्हणतात, म्हणजे दिव्यांचा ताप. आपल्याकडे याला नेमका शब्द नाही. ताप मात्र भरपूर आहे.

माझ्यापुरते मी सूक्ष्मदर्शकाच्या स्टेजला 'पाट' म्हणतो. आपल्या भागात गोंधळ घालतात तेव्हा उंच मंच बांधत नाहीत; पाट किंवा चौरंग ठेवून त्यावर नवे वस्त्र, धान्य, कलश, विड्याची पाने असा चौक मांडतात, आणि संबळ वाजू लागले की तेवढीच जागा साऱ्यांच्या नजरेची होते. वस्तू नीट मांडून ठेवायची आणि तिच्याकडे लक्ष लावायचे, यासाठी पाटाहून ओळखीची जागा आपल्या घरात नाही. विज्ञान शाखेतल्या माझ्या एका मैत्रिणीला हा शब्द आवडला. उत्तरपत्रिकेत मात्र ती 'स्टेज'च लिहिणार आहे, कारण गुण त्यालाच आहेत.