बर्फावर जाण्याआधी रक्ताची एक तपासणी

वर्ध्यात मे महिन्याचा पारा ४५ अंशांकडे सरकू लागला, की घरोघरी हिवाळ्यातल्या बर्फाच्या सहलीचे बेत ठरतात. हे बेत आता बर्फाचे गोळे फेकून फोटो काढण्यापुरते राहिलेले नाहीत. कुणी गुलमर्गला स्कीइंग शिकतो. नोकरीनिमित्त जपानला गेलेला कुणी होक्काइडो बेटावरच्या कमी गर्दीच्या डोंगरावर भुसभुशीत बर्फातून तीव्र उतार उतरतो. आखलेली वाट सोडून ताज्या बर्फात शिरण्याची हौस जगभर आहे. मात्र हिंगणघाट किंवा आर्वीच्या तरुणाने तिकीट काढण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा. आपली सिकलसेल तपासणी झाली आहे का?

वर्ध्यासह विदर्भाच्या अनेक जिल्ह्यांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. आई-वडील दोघांकडूनही दोष आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर ती व्यक्ती ‘वाहक’ म्हणजे एएस असते. वाहकाला सहसा कोणताच त्रास नसतो. तो शेतात राबतो, क्रिकेट खेळतो आणि अनेकदा त्याला स्वतःलाही याचा पत्ता नसतो.

उंचीवर मात्र चित्र बदलू शकते. वर्धा शहर समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरही उंच नाही. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि तिथला रोपवे अफरवट डोंगरावर सुमारे ३,९८० मीटरपर्यंत नेतो. तिथे हवेचा दाब कमी असल्याने प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या तुलनेत जेमतेम ६० टक्के प्राणवायू मिळतो. प्राणवायू घटला की सदोष हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटतात, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि कडक होतात. बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकतात. याचा पहिला फटका बहुधा प्लीहेला बसतो. तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि डाव्या बरगड्यांखाली तीव्र कळ येते, मळमळ व उलटी होते. अनेकदा पहिल्या दोन दिवसांतच हे घडते आणि पित्त किंवा उंची लागली असे समजून दुर्लक्ष होते.

स्कीइंगमध्ये यात आणखी भर पडते. खोल बर्फात मांड्यांना प्रचंड श्रम होतात. रोपवे नसलेल्या रानात तर चढही स्वतःच चढावा लागतो. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, तहान लागत नाही म्हणून पाणी कमी प्यायले जाते आणि रक्त घट्ट होते.

जपानचे गणित थोडे वेगळे आहे. सायबेरियाकडून येणारे थंड वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतात आणि होक्काइडोवर हलका, कोरडा बर्फ टाकतात. तिथल्या असाहिदाके शिखराची उंची २,२९१ मीटर आहे आणि रोपवे सुमारे १,६०० मीटरपर्यंतच जातो. म्हणजे प्राणवायूची अडचण कमी. धोका असतो तो गाडले जाण्याचा. झाडाच्या बुंध्याभोवती बर्फात पोकळ खड्डा तयार होतो. त्यात डोके खाली जाऊन पडलेल्याला एकट्याने बाहेर येणे फार कठीण असते.

हिमकडा कोसळला तर वेळ आणखी कमी. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू असेच दगावले. गाडलेला माणूस थंडीने गोठून मरतो, असा समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक मृत्यू गुदमरून होतात. पूर्वी पहिली १५ मिनिटे मोलाची मानत. स्वित्झर्लंडमधील नोंदींवर आधारित २०२४ च्या अभ्यासाने ती मुदत १० मिनिटांवर आणली. इतक्या वेळात बाहेरचे पथक पोहोचत नाही, वाचवतो तो शेजारचा सोबती. म्हणून प्रत्येकाजवळ संदेश देणारे बीकन यंत्र, शोधकाठी आणि फावडे हवे, ते वापरण्याचा सराव हवा. एकट्याने जाऊच नये.

वाहकांनी घाबरून घरी बसायचे कारण नाही. असंख्य वाहक उंचीवर जाऊन सुखरूप परततात. मात्र जाण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. पहिल्या दिवशी रोपवेने थेट शेवटच्या टप्प्यावर न जाता एक-दोन दिवस खाली थांबावे, भरपूर पाणी प्यावे, मद्य टाळावे. डाव्या कुशीत दुखले तर लगेच खाली उतरावे आणि तिथल्या डॉक्टरांना ‘मी सिकलसेल वाहक आहे’ हे सांगावे. काश्मीर किंवा जपानमधल्या डॉक्टरांना ते आपणहून सुचेलच असे नाही. ज्यांना प्रत्यक्ष आजार म्हणजे एसएस आहे, त्यांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संमतीशिवाय अशा उंचीचा बेत आखू नये.

तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. आधी बोटाच्या थेंबावर सोल्युबिलिटी चाचणी आणि ती सदोष आली तर इलेक्ट्रोफोरेसिसने खात्री. स्कीचे बूट भाड्याने मिळतात, थंडीचे कपडेही मिळतात. आपल्या रक्ताची माहिती मात्र घरूनच सोबत न्यावी लागते.