रिकाम्या वस्तीवरचा राखणदार

मंचरजवळच्या एका वाचकांचे पत्र गेल्या आठवड्यात हाती आले. पती-पत्नी दोघेही नोकरीला, मुले शाळेत, सकाळी नऊला घराला लागलेले कुलूप निघते ते संध्याकाळी सहा-साडेसहाला. घर गावठाणात नाही, मळ्यात बांधलेले आहे आणि त्याच्या तिन्ही अंगांना ऊस उभा आहे. राखणीला एखादा कुत्रा असावा असे त्यांच्या मनात आहे. पण दिवसभर एकटा राहिलेला कुत्रा झुरतो, त्याचा स्वभाव बिघडतो, असे त्यांना कोणीतरी सांगितले आहे, आणि त्यात तथ्य किती, अशी त्यांची पृच्छा आहे. या प्रश्नाचा अर्धा भाग प्राणिमानसशास्त्राच्या कक्षेत येतो. उरलेला अर्धा, जो त्यांनी विचारलेला नाही, तो जुन्नर-आंबेगावच्या रानातच उभा आहे. दोहोंचा परामर्श क्रमाने घेतो.

आपण घरी नसताना कुत्रा काय करतो, याचे पहिले आणि प्रामाणिक उत्तर असे की तो बहुतांशी पडून असतो. त्याची निद्रा मनुष्यासारखी सलग नसते. १९९३ साली ऑस्ट्रेलियात अ‍ॅडम्स आणि जॉन्सन या दोघा संशोधकांनी कुत्र्यांच्या रात्रींची टिपणे घेतली, तेव्हा आठ तासांत सरासरी २३ वेळा कुत्रा झोपला आणि जागा झाला असे आढळले. सुमारे १६ मिनिटे डोळा लागायचा, ५ मिनिटे जाग, पुन्हा डोळा लागायचा. पहाऱ्याच्या कामासाठी घडवलेली ही झोप आहे आणि दिवसाची डुलकीही याच जातीची असते. पुढे २०११ मध्ये रेन आणि कीलिंग या स्वीडनमधील संशोधिकांनी १२ कुत्र्यांना कधी अर्धा तास, कधी दोन तास, तर कधी चार तास घरी एकटे ठेवून त्यांचे वर्तन चित्रित केले. मालक दोन तासांनी परतला तेव्हा कुत्र्याने केलेले स्वागत अर्ध्या तासानंतरच्या स्वागतापेक्षा स्पष्टपणे अधिक उत्कट होते. मात्र दोन तास आणि चार तास यांत तसा फरक दिसला नाही. कुत्र्याला अवधीचे भान असते, एवढा निष्कर्ष यातून निघतो. या निष्कर्षाच्या आधाराने 'कुत्रा मिनिटे मोजतो' अशा बातम्या छापल्या जातात, त्यांना मात्र १२ कुत्र्यांचा आधार पुरत नाही.

गेल्या उन्हाळ्यात घोडेगावच्या रस्त्याला एका वस्तीवर काही कामानिमित्त दुपारभर थांबावे लागले. माणसे रानात गेली होती आणि अंगणात बाभळीच्या खुंटाला चार-पाच हात साखळीने एक तांबूस कुत्रा बांधलेला होता. साखळी पोहोचेल तेवढ्या वर्तुळातली जमीन त्याच्या फेऱ्यांनी घोटून गुळगुळीत झाली होती. त्या वर्तुळात गवताची काडी नव्हती आणि कडेला मात्र हराळी दाट वाढलेली होती. पाण्याचे घमेले कलंडलेले होते. ते भरून ठेवले तेव्हा तो थोडे प्याला आणि पुन्हा अंगाचे वेटोळे करून पडला. साडेपाचच्या सुमारास, रस्त्यावर धूळ नाही की वाहनाचा आवाज नाही अशा वेळी, तो उठला, अंग झाडले आणि रस्त्याकडे तोंड करून साखळी ताणून उभा राहिला. घरची माणसे पंधरा-वीस मिनिटांनी आली.

हे त्याला कसे कळले असेल? या प्रश्नाशी माझे एक आवडते आणि विस्मृतीत गेलेले नाव निगडित आहे. पाव्लोव्ह यांचा कुत्रा शालेय पुस्तकापासून आपल्या परिचयाचा आहे. त्यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या फेओक्रितोवा या संशोधिकेचे नाव मात्र पाठ्यपुस्तकात सापडत नाही. १९१२ साली सेंट पीटर्सबर्ग येथे तिने ज्याला ना रूप, ना नाद, ना गंध, त्या निव्वळ काळालाच उद्दीपक म्हणून वापरण्याचे धाडस केले. कुत्र्याला दर ३० मिनिटांनी अन्न द्यायचे, हा क्रम अनेक वेळा चालवायचा आणि मग एखाद्या पाळीला अन्न चुकवायचे. अन्न आले नाही, भांडे वाजले नाही, माणूस दिसला नाही, तरी तिसाव्या मिनिटाच्या आसपास कुत्र्याला लाळ सुटू लागली! दुसऱ्या मांडणीत दर ३० मिनिटांनी अन्नाबरोबर मेट्रोनोमचा ठोकाही जोडला होता. तोच ठोका पाचव्या किंवा आठव्या मिनिटाला ऐकवला तर कुत्रा स्वस्थ असे, विसाव्या मिनिटाला ऐकवला तर थोडी लाळ सुटे, आणि तिसाव्याला पूर्ण प्रतिसाद मिळे. ठोका तोच, कान तेच. पण आत चालणारे घड्याळ 'अजून वेळ झालेली नाही' असे सांगत होते. ज्या काळी प्राण्याला वर्तमान क्षणापलीकडे काही नसते असे भलेभले विद्वान मानत, त्या काळी एका लाळग्रंथीला नळी जोडून इतका नाजूक निर्णय देणारी ही बाई थोर होय. पाव्लोव्ह यांनी आपल्या व्याख्यानांत तिच्या नावानिशी हा प्रयोग सांगितला आहे, पण लोकांनी घंटा तेवढी लक्षात ठेवली.

वस्तीवरचा तो तांबूस कुत्रा याच घड्याळावर चालत असला पाहिजे. कलणारे ऊन, परतणारी गुरे, गोठ्यातील हालचाल हे त्या घड्याळाला मिळणारे आधार. यापलीकडे जाऊन काहीजण कुत्र्याला अतींद्रिय ज्ञान असल्याचे सांगतात. इंग्लंडमधल्या जेटी नावाच्या एका टेरियरबद्दल असा बोलबाला झाला होता की मालकीण परतीला निघाली की त्याच क्षणी तो खिडकीशी जाऊन बसतो. रूपर्ट शेल्ड्रेक यांनी त्यावर पुस्तक लिहिले. परंतु रिचर्ड वाइजमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परतीची वेळ कोणालाच आधी ठाऊक नसेल अशी तजवीज करून चाचण्या घेतल्या आणि १९९८ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या, तेव्हा जेटीने मालकिणीच्या प्रस्थानाचा क्षण ओळखला नाही. तो खिडकीकडे वारंवार जात होता, एवढेच. घरात मागे राहिलेला मालकाचा गंध हळूहळू विरत जातो आणि त्या उतारावरून कुत्रा वेळ ओळखतो, ही अलीकडची कल्पना मोठी रम्य आहे, पण तिला अद्याप प्रयोगाचा दाखला मिळालेला नाही.

पत्रलेखकांच्या मूळ शंकेचे निरसन यातून बरेचसे होते. बुडापेस्टच्या टोपाल यांनी १९९८ मध्ये ५१ कुत्रे आणि त्यांचे मालक यांच्यावर, तान्ह्या मुलांसाठी मेरी एन्सवर्थ यांनी रचलेली परीक्षा लागू केली आणि कुत्र्याची मालकाविषयीची ओढ मुलाच्या आईविषयीच्या ओढीशी मिळतीजुळती आहे असे दाखवले. ओढ आहे म्हणून विरहही आहे. काही कुत्र्यांना तो असह्य होतो. ते दारे ओरबाडतात, अखंड केकाटतात, घाण करतात. परंतु ज्याचा दिनक्रम ठराविक आहे, ज्याला घरच्यांनी निघण्यापूर्वी फिरवून खायला घातले आहे आणि ज्याला आरंभी पाच मिनिटे, मग अर्धा तास, मग दोन तास असे एकटेपणाचे वळण लावले आहे, असा प्रौढ, निरोगी कुत्रा दिवस झोपेत काढतो. दोन-तीन महिन्यांच्या पिलाला मात्र नऊ-नऊ तास कोंडणे हा अन्यायच. त्याला इतका वेळ लघवीही धरवत नाही. आणि पत्र्याच्या शेडखाली चैत्र-वैशाखात कुत्रा बांधू नये. त्याला अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो उष्णता बाहेर टाकतो, आणि तापलेल्या पत्र्याखाली पाणी संपले की तोही उपाय थकतो.

आता न विचारलेला अर्धा प्रश्न.

कुकडी प्रकल्पाचे पाणी फिरले, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे ही धरणे भरली आणि या मुलखात जिराईत शिवारांच्या जागी उसाचे फड उभे राहिले. माणसाच्या डोक्यावर जाणारा, बारमाही हिरवा, आत शिरलेले काही बाहेरून दिसू न देणारा ऊस म्हणजे बिबट्याच्या दृष्टीने जंगलच आहे. मादी त्यात विते आणि भक्ष्याच्या शोधात जाताना बछड्यांना मागे एकटे ठेवून जाते. तोडणीच्या वेळी मजुरांना ही बछडी सापडतात आणि पोरकी वाटतात. वनखात्याची माणसे ती त्याच ठिकाणी खोक्यात ठेवून दूर सरतात, आणि रात्री आई येऊन त्यांना घेऊन जाते.

ही आई रात्री काय खाते, याचा शोध शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. बिबट्याच्या विष्ठेतील केस तपासून त्यांनी आहाराचा हिशेब मांडला, तेव्हा वजनाच्या मानाने ३९ टक्के आहार कुत्र्यांचा निघाला आणि शेळ्यांचा अवघा ११ टक्के. आणि हे अशा भागात, जिथे शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट होती! या आकड्यांशी मी पुष्कळ वेळ थांबलो. शेळीचे मांस बिबट्याला वर्ज्य नाही. पण शेळीची किंमत बाजारात ठरते, म्हणून दिवस मावळला की ती मोजून आत घेतली जाते आणि दाराला कडी लागते. कुत्रा बाहेर राहतो, कारण बाहेर राहणे हेच त्याचे काम असे आपण ठरवले आहे. शेळी गेली की पंचनामा होतो. कुत्रा गेल्याची वर्दी बहुधा कोणी देतही नाही. त्यातून बिबट्याला पेलणारे भक्ष्य दहा ते चाळीस किलोंचे, आणि गावठी कुत्रा त्या मापात नेमका बसतो.

त्याच भागात गळपट्ट्यातील यंत्राने बिबट्यांचा माग काढला असता असे दिसले की दिवसा ते घरांपासून लांब राहतात आणि रात्री २५ मीटरच्या आत येतात. दिवस माणसाचा आणि रात्र बिबट्याची, अशी ही न लिहिलेली वाटणी आहे, आणि तिच्या सीमेवर संध्याकाळी साखळीला बांधलेला कुत्रा उभा असतो. तो भुंकून आपला ठावठिकाणा सांगतो आणि त्याला पळता येते ते साखळीच्या लांबीइतके. घोडेगावच्या रस्त्यावरील ते गुळगुळीत वर्तुळ आठवले की आजही माझ्या पोटात कालवते.

बिबटे पकडून दूर नेऊन सोडावेत, म्हणजे कुत्रेही वाचतील आणि माणसेही, असा आग्रह दर संकटाच्या वेळी होतो. तो उपाय जुन्नरने २००१ ते २००३ या काळात करून पाहिला आहे. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. पकडून दुसरीकडे सोडण्याची मोहीम सुरू झाल्यावर ते सरासरी १७ वर गेले. अनोळखी मुलखात टाकलेले जनावर अधिक धोकादायक ठरले. या अनुभवाकडे पाठ फिरवून पुन्हा तोच हुकूम मागणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांच्या संतापाचा मला पूर्ण आदर आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड येथे, हल्ल्यांत बळी गेल्यानंतर, गावकरी गळ्यात अणकुचीदार खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागले. हिमालयातील मेंढपाळ असे लोखंडी पट्टे आपल्या कुत्र्यांना पिढ्यान्‌पिढ्या घालत आले आहेत, कारण बिबट्या मान धरतो. कुत्र्यासाठी योजलेला पट्टा माणसाला गळ्यात घालावा लागला, त्या गावांची रात्र कशी असेल याची कल्पना पुण्या-मुंबईच्या वाचकांनी करावी. शेतीपंपाला दिवसा वीज द्या, म्हणजे रात्री दारे धरायला उसात जावे लागणार नाही, ही येथील शेतकऱ्यांची मागणी म्हणूनच सर्वस्वी रास्त आहे.

आणि पत्रलेखकांना माझे सांगणे एवढेच. कुत्रा अवश्य पाळा. दिवसाच्या एकटेपणाची धास्ती बाळगू नका, तो अभ्यासाने निभावतो. पण त्याला अंगणात बांधून जाऊ नका. विटांची किंवा जाड जाळीची, वरूनही बंद असलेली खोली करा, कारण बिबट्या चढतो. तिला सावली, कलंडणार नाही असे पाण्याचे भांडे आणि बाहेरून लागणारी भक्कम कडी असू द्या, आणि सकाळी निघतानाच त्याला आत घेऊन ती कडी लावा. संध्याकाळी येऊन लावू म्हणाल, तर मार्गशीर्षात तुमच्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि तुमच्या घराचे कुलूप निघायला कधी साडेसहा वाजतात.