वाळीत टाकलं, तरी बॉम्ब कशाला?

भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. तिथं लष्कराला लागणारी स्फोटकं तयार होतात. "मग अणुबॉम्बही तिथंच होतो का?" असं कुणी विचारेल. नाही बरं का! ती स्फोटकं रासायनिक. अणुबॉम्बमध्ये अणूचं केंद्रकच फुटतं आणि एका बॉम्बनं अख्खं शहर बेचिराख होतं. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमानं ते भोगलं.

मग असलं भयंकर अस्त्र एखाद्या देशाला हवंसं का वाटतं? तेही सगळं जग "नको, नको" म्हणत असताना? आधी आपलाच देश पाहा.

१९६२ च्या युद्धात आपण चीनकडून हरलो. १९६४ मध्ये चीननं अणुचाचणी केली. १९६८ मध्ये एक करार पुढं आला. पाच देशांकडची अस्त्रं तूर्त त्यांच्याकडंच राहणार, बाकीच्यांनी मात्र ती करायची नाहीत! "हा कुठला न्याय?" म्हणत भारतानं सही केली नाही.

१८ मे १९७४ रोजी पोखरणला पहिला स्फोट झाला. त्याचं प्लुटोनियम मुंबईच्या ट्रॉम्बेतल्या, कॅनडाच्या मदतीनं उभारलेल्या 'सायरस' अणुभट्टीतलं. कॅनडानं मदत तोडली. पुढं अमेरिकेनं तारापूरच्या वीजकेंद्राचं इंधन थांबवलं. तरी मे १९९८ मध्ये आपण पुन्हा पाच चाचण्या केल्या. अमेरिका आणि जपाननं निर्बंध घातले.

पाहिलंत? शेजाऱ्याची भीती आणि अन्यायाची चीड, यांपुढं बाहेरचा दबाव तोकडा पडतो.

उत्तर कोरियाचं तर आणखी वेगळं. २००३ मध्ये तो करारातून बाहेर पडला आणि २००६ मध्ये त्यानं पहिली चाचणी केली. निर्बंध वाढत गेले, तरी २०१७ पर्यंत सहा चाचण्या झाल्या. तिथले राज्यकर्ते लिबियाकडं बोट दाखवतात. लिबियानं २००३ मध्ये अणुकार्यक्रम सोडला. २०११ मध्ये परदेशी विमानांनी तिथं हल्ले केले आणि गडाफींची सत्ता गेली. शिवाय गावानं आधीच वाळीत टाकलेल्याला आणखी कसली भीती घालणार?

मग यावर उपायच नाही का? आहे ना! दक्षिण आफ्रिकेनं सहा बॉम्ब बनवले होते. सीमेवरची लढाई थांबली, जगात परतायची वाट दिसू लागली, तेव्हा त्यांनी ते स्वतःच मोडून टाकले आणि १९९१ मध्ये करारावर सही केली. म्हणजे नुसतं दटावून भागत नाही, भीतीही कमी करावी लागते.

आणि बॉम्ब आला की भीती संपते का? आपल्यामागोमाग मे १९९८ मध्येच पाकिस्ताननंही चाचण्या केल्या. पुढच्याच वर्षी कारगिलचं युद्ध झालं. दोघांकडंही बॉम्ब होते, तरी जवान शहीद झालेच.

आज रात्री जेवताना आई-बाबांना विचारा: "बॉम्बनं आपण जास्त सुरक्षित झालो का?" घरात दोन मतं निघतील. निघू द्या! दोन्ही नीट ऐका. उद्या मत देणारे तुम्हीच आहात.