शेणावरच्या वाट्या

श्रावणातली गोष्ट. मावल्याला आमच्या गोठ्यामागे शेणाचा एक पो आठ दिवस पावसात पडून होता. नातीने हाक मारली, "आजोबा, इथे कोणीतरी वाट्या मांडल्यात!" (तेलुगूत शेणाला 'पेड' म्हणतात. नवखा मराठी पाहुणा पेढा समजून हात पुढे करतो, पण ते असो.) वाकून पाहिले तर खरेच, पिवळट-हिरव्या, मसुरीएवढ्या वीस-पंचवीस वाट्या!

तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवलेला मी. लगेच सांगून मोकळा झालो, "पेझिझा." पुस्तकात वाटीसारखी बुरशी म्हटली की तेच चित्र. नातीने वहीत लिहिले आणि खाली जोडले, 'आजोबांनी ओळखली.'

रात्री झोप येईना. पेझिझाही शेणावर उगवते, पण ती तपकिरी आणि दोन-चार बोटे रुंद. ही तर एवढीशी!

सकाळी भिंग घेऊन बसलो. शेणावर चेलिमेनियाच्याही वाट्या येतात, पण त्या नारिंगी, कडेला पापण्यांसारखे केस असलेल्या. इथे ना तो रंग, ना केस. मात्र वाटीच्या आत मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके. नात म्हणाली, "घाण पडलीय." घाण नव्हती ती. त्या बीजाणूंच्या पिशव्या होत्या. पिकल्या की त्या पृष्ठभागाच्या वर डोके काढतात. एकेका पिशवीत आठ बीजाणू, आधी रंगहीन, मग जांभळे, शेवटी तपकिरी. म्हणून ठिपका काळा दिसतो.

शाळेतल्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली तो जांभळा रंग आणि बीजाणूंवरच्या बारीक रेघा दिसल्या, तेव्हा जीव भांड्यात पडला. ॲस्कोबोलस! 'पिशवी' आणि 'फेकणे' या ग्रीक शब्दांवरून आलेले नाव. पिशवीचे टोक उजेडाकडे वळते, झाकण उघडते आणि बीजाणू जवळच्या गवतावर उडतात. गाय ते गवत खाते, बीजाणू तिच्या पोटातून शेणात येतात आणि पुन्हा वाट्या उगवतात.

सूनबाईंना पो फेकून द्यायचा होता. मी म्हटले, राहू द्या, ही बुरशी शेण कुजवायचेच काम करते. फक्त खायची नाही.

ॲस्कोबोलसच्या जाती पुष्कळ. बीजाणू नीट मोजल्याशिवाय नेमकी कोणती ते सांगता येत नाही, म्हणून वहीत जातीची जागा रिकामी ठेवली. 'पेझिझा' मीच खोडले. 'आजोबांनी ओळखली' मात्र नातीने खोडू दिले नाही. त्यापुढे तिने लिहिले, 'दुसऱ्यांदा.'