कुलूपबंद घराचा वाली कोण?

'घर पाहावें बांधून' असें आपल्याकडे म्हणतात. बांधणाराच्या कष्टांची आणि खर्चाची जाणीव त्या म्हणींत पुरेपूर भरलेली आहे. परंतु बांधलेलें घर राखावयास काय लागतें, याविषयीं म्हणी फारसें बोलत नाहींत. ज्या घरांत चूल पेटते त्या घराची राखण नकळत होत असते, हेंच त्याचें कारण असावें. चूल विझली, दारास कुलूप लागलें, कीं तें न बोललेलें काम एकाएकीं उघडें पडतें. परभणी शहराच्या जुन्या वस्तींत, तसेंच सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड, जिंतूर अशा गांवांत कुलूपबंद घरें व वाडे दृष्टीस पडतात. त्यांच्या भिंतींलगत मुलें शाळेंत जातात, भाजीवाल्या बसतात, शेजारी नांदतात. अशीं घरें पडूं लागलीं म्हणजे काय करावयाचें आणि नगराच्या कारभाऱ्यांनीं मालकावर कितपत सक्ती करावयाची, हा प्रश्न म्हणूनच एकट्या मालकाचा राहत नाहीं.

या भागास एके काळीं मोठी भरभराट आली ती रेल्वे व कापूस यांमुळें. इ. स. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारा गोदावरी खोऱ्यांतील लोहमार्ग सुरू झाला. सेलू, मानवत रोड, परभणी व पूर्णा हीं त्याच मार्गावरचीं स्थानकें. कापसाचा व्यापार वाढला आणि ज्यांच्या हातीं पैसा आला त्यांनीं ऐसपैस वाडे बांधले. पुढें निजामाचें राज्य १९४८ सालीं संपलें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला आणि १९६० सालीं महाराष्ट्र झाला. नव्या पिढ्या शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं पुणें, मुंबई, हैदराबाद अशा शहरीं गेल्या आणि तेथेंच स्थिरावल्या. वाडा मागें राहिला. ही गोष्ट एका जिल्ह्याचीच नव्हे. २०११ च्या जनगणनेंत सबंध भारतांत सुमारे दोन कोटी सेहेचाळीस लाख घरें रिकामीं आढळलीं. त्यांतलीं कित्येक नवीं असतील, विक्रीसाठीं वा गुंतवणुकीसाठीं राखलेलीं असतील. परंतु जुन्या घराचें रिकामें राहणें निराळें असतें. नवें घर रिकामें राहिलें तर धूळ खातें. जुनें घर रिकामें राहिलें तर मरूं लागतें.

तें कसें, हें समजण्यास मराठवाड्यांतील जुन्या घराची बांधणी पाहिली पाहिजे. त्याचें छप्पर म्हणजे माळवद. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांवर लाकडाच्या तुळया, तुळयांवर आडवीं लाकडें, त्यांवर पाल्याकाड्यांचा थर आणि सर्वांवर चोपून बसविलेली पांढरी माती, असा तो थाट असतो. उन्हाळ्यांत असें घर गार राहतें. परंतु या सुखाची किंमत वर्षास एकदां मोजावी लागते. मृगापूर्वीं माळवदावर चढावयाचें, भेगा पाहावयाच्या, उगवलेलें गवत मुळासकट उपटावयाचें, नवी माती पसरून चोपावयाची आणि पन्हळी मोकळ्या करावयाच्या. एवढें झालें म्हणजे पाणी उतारानें निघून जातें. हें काम एक वर्ष चुकलें तर फारसें बिघडत नाहीं. तीनचार वर्षें चुकलें तर गवताच्या मुळांनीं करून दिलेल्या वाटेनें पाणी थरांत मुरूं लागतें.

याचा परिणाम साध्या हिशेबानें कळतो. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा खोलीवर एक फूट जाडीची माती असली, तर ती शंभर घनफूट होते. कोरडी असतांना तिचें वजन चार टनांच्या आसपास भरतें. भिजल्यावर तें आणखी वाढतें. हा भार ज्या तुळयांनीं उचलावयाचा त्यांचीं टोकें नेमकीं त्याच वेळीं ओल्या भिंतींत कुजत असतात आणि वाळवी त्यांना आंतून पोखरीत असते. भार वाढत जातो आणि बळ घटत जातें. घर फिरलें कीं घराचे वासेही फिरतात, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरते.

भिंतींची गतही तीच. पुष्कळ जुन्या भिंती दुपदरी असतात. बाहेरून दगड, आंतून दगड आणि मधल्या पोकळींत माती व बारीक खडी. दोन्ही पदरांना सांधणारे आरपार दगड नसले, तर पाणी शिरतांच मधली माती बसते आणि भिंतीला पोट सुटतें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे किल्लारी परिसरांत झालेल्या भूकंपांत सुमारे दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं, तीं मुख्यतः अशाच दगडमातीच्या भिंतींखालीं व मातीच्या जड माळवदांखालीं. तीं घरें नांदतीं होतीं. मग वर्षानुवर्षें डागडुजी न झालेल्या घराची कथा काय सांगावी? २१ मार्च २०२४ रोजीं शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांत ४.५ प्रतीचा धक्का बसला आणि तो परभणीकरांसही जाणवला. धक्का सौम्य होता, पण जुन्या भिंतींखालून जाणारांनीं त्यापासून बोध घेण्यासारखा होता.

रिकाम्या घराचा उपद्रव केवळ पडण्याचाच असतो असें नाहीं. गांवठाणांत दोन घरांमध्यें पुष्कळदां एकच सामाईक भिंत असते. एका बाजूचें छप्पर गेलें म्हणजे ती भिंत पावसांत उघडी पडते आणि दुसऱ्या बाजूच्या गृहस्थाची, ज्यानें आपलें घर नीट राखलें आहे त्याचीही, झोप उडते. अंगणांतला आड, फुटकीं भांडीं, टाकलेलीं मडकीं यांत सांचलेल्या पाण्यावर डास वाढतात. डेंग्यूचा डास तर अशाच सांठ्यांतील स्वच्छ पाणी पसंत करतो. शेजाऱ्यास कुलूप तोडून आंत जातां येत नाहीं आणि स्वस्थ बसणेंही परवडत नाहीं.

मालक मग करतात तरी काय? त्यांना दोष देणें सोपें आहे; परंतु पुष्कळ ठिकाणीं मालक बेफिकीर नसून मालकीच विखुरलेली असते. समजा, एका गृहस्थानें वाडा बांधला. त्याला तीन अपत्यें, त्या प्रत्येकास तीन, आणि त्यांनाही तीन तीन. चौथ्या पिढींत सत्तावीस वारस झाले. २००५ च्या दुरुस्तीनें हिंदु कुटुंबांत मुलींनाही वडिलार्जित मिळकतींत मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळाला. हें न्यायाचेंच झालें. तथापि ज्यांची संमति घ्यावयाची त्यांची यादी आतां पूर्वींहून लांब असते, हें विसरून चालत नाहीं. वाड्याच्या डागडुजीस पन्नास हजार रुपये लागणार असले, तर प्रत्येकाच्या वांट्यास दोन हजारही येत नाहींत. इतका थोडा पैसा कोणास जड नाहीं. जड आहे तें प्रथम पत्र लिहिणें. ज्यानें पदरचा खर्च करावा त्याला उद्यां तो परत मिळेल याची खात्री नसते, आणि हा वाडा बळकावूं पाहतो अशी शंका त्याच्यावर येते ती निराळीच.

भाड्यानें देण्याचा मार्गही मालकांस निर्धास्त वाटत नाहीं. मराठवाड्यांत भाडेकरूंस संरक्षण देणारा १९५४ चा हैदराबादचा कायदा दीर्घकाळ लागू होता. त्याच्या जागीं १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा २००० सालीं अमलांत आला. कायदा बदलला, परंतु घर एकदां दिलें म्हणजे परत मिळणार नाहीं, ही घरोघरची भीति सहजासहजीं गेली नाहीं. तेव्हां वांटणी नाहीं, विक्री नाहीं, भाडेकरू नाहीं. कुलूप मात्र आहे, अशी स्थिति होऊन बसते.

आतां नगराच्या हातीं काय आहे तें पाहूं. परभणीस १ नोव्हेंबर २०११ पासून महानगरपालिका आहे. तिला लागू असलेला १९४९ चा कायदा आज महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या नांवानें ओळखला जातो. त्याच्या २६४ व्या कलमान्वयें, एखादी इमारत मोडकळीस आलेली, पडण्याच्या बेतांत असलेली, अथवा राहणारांस, जवळून जाणारांस वा शेजारच्या इमारतीस धोकादायक दिसली, तर आयुक्त मालकास किंवा भोगवटादारास लेखी नोटीस देऊन ती पाडण्यास, सुरक्षित करण्यास वा दुरुस्त करण्यास फर्मावूं शकतात. मालकानें न केल्यास पालिका तें काम स्वतः करून खर्च त्याच्याकडून वसूल करूं शकते. इमारतीस तीस वर्षें झालीं म्हणजे ती नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासून घ्यावी, अशीही तरतूद आहे. लहान गांवांच्या नगरपरिषदांसाठीं १९६५ चा निराळा कायदा आहे. त्यांतही धोकादायक बांधकामाविषयीं अधिकार दिलेले आहेत. २०१५ सालीं राज्याच्या नगरविकास खात्यानें अशा इमारतींचे चार वर्ग ठरवून दिले. तत्काळ रिकामी करून पाडावयाची येथपासून किरकोळ दुरुस्तीची येथपर्यंत.

कायदा आहे, अधिकारही आहेत. अडतें कोठें? पहिली अडचण अशी कीं, कायद्याचें लक्ष आंतल्या माणसांकडे आहे. कोणास बाहेर काढावयाचें, किती तांतडीनें काढावयाचें, यावर त्याचा भर असणें स्वाभाविक आहे. परंतु रिकाम्या घरांत काढावयास कोणीच नसतें, आणि म्हणून तें यादींत मागें पडतें. दुसरी अडचण नोटिशीची. कराच्या नोंदवहींत नांव कित्येकदां पणजोबांचें असतें. नोटीस त्यांच्या नांवें निघते, कुलपाशेजारीं डकविली जाते आणि पहिल्या पावसांत गळून पडते. तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे. घर पडण्याच्या बेतांत आलें म्हणजेच कायदा जागा होतो, आणि त्या वेळीं पाडण्यावांचून दुसरा उपाय बहुधा उरत नाहीं. जें काम पहिल्या वर्षीं चार टोपल्या मातीनें झालें असतें, त्यासाठीं विसाव्या वर्षीं यंत्र आणावें लागतें. त्यांत भर म्हणून आपल्या नागरी करकायद्यांत रिकाम्या घरास करांत सूट वा परतावा देण्याची जुनी तरतूद आहे. ज्याचा उपभोग नाहीं त्यावर पुरा कर नको, हा विचार तेवढ्यापुरता रास्त आहे. परंतु रिकामेपणानें शेजाऱ्यांवर पडणारा भार त्या हिशेबांत कोठेंच धरलेला नाहीं.

रिकाम्या जागेची वर्दी मालकानें सरकारास द्यावी, ही कल्पना महाराष्ट्रास नवीन नाहीं. घरटंचाईच्या काळीं केलेल्या मुंबईच्या १९४८ च्या अधिग्रहण कायद्यानें जागा रिकामी झाल्याची वर्दी देणें मालकास बंधनकारक केलें होतें. त्या कायद्याचा हेतु जागा ताब्यांत घेण्याचा होता आणि तो पुढें वादग्रस्त ठरला. परंतु वर्दी घेण्याची रीत त्यामुळें वाईट ठरत नाहीं. अमेरिकेंतील विल्मिंग्टन शहरानें २००३ सालीं रिकाम्या इमारतींची वार्षिक नोंदणी सुरू केली आणि फी अशी ठेवली कीं, इमारत जितकीं अधिक वर्षें रिकामी तितकी ती चढत जावी. पहिल्या टप्प्यास पांचशें डॉलर, तर दहा वर्षें झालेल्या इमारतीस पांच हजार. इंग्लंडांत २००४ च्या कायद्यानें, दीर्घकाळ रिकाम्या राहिलेल्या घराची व्यवस्था कांहीं काळ आपल्याकडे घेऊन तें भाड्यानें देण्याचा अधिकार स्थानिक मंडळांस मिळाला. मालकी मात्र मालकाचीच राहते.

परभणीसारख्या शहरानें हे उपाय जसेच्या तसे उचलावे असें नाहीं. जबर फीनें गरीब वारस अधिकच दूर पळेल. त्यांतलें घेण्यासारखें एकच आहे: घर पडेपर्यंत वाट न पाहतां, तें रिकामें होतांच त्याचा एक जबाबदार माणूस ठरवून घेणें. करवसुलीस जाणारा कर्मचारी प्रत्येक दारीं जातोच. कोणत्या दारास सालभर कुलूप आहे, ही नोंद त्यानें केली तर यादी आपोआप तयार होईल. करांतील सूट हवी असेल त्यानें वारसांपैकीं एकाचें नांव, पत्ता व दूरध्वनि द्यावा आणि मृगापूर्वीं पाहणी झाल्याचें लिहून द्यावें, अशी अट घालतां आली तर शिक्षेवांचून पुष्कळ काम होईल. जो हेंही करणार नाहीं त्याच्यासाठीं नोटीस आणि वसुली आहेच.

कुटुंबांस तर कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. सर्व वारसांची नोंद करून घ्यावी. एकास मुखत्यारपत्र द्यावें. वार्षिक वर्गणी ठरवून खर्चाचा हिशेब सर्वांस पाठवावा. किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे असावी. घर राखणें शक्यच नसेल तर भिंत कोसळण्यापूर्वीं तें रीतसर उतरवून घ्यावें. चांगलें लाकूड व दगड तेवढे तरी कामास येतात. शेजाऱ्यांनींही भिंतीस पोट सुटलेलें दिसतांच पालिकेकडे लेखी अर्ज देऊन पोंच घ्यावी. तोंडी तक्रार भिंतीआधींच पडून जाते.

वांटणीचे वाद दहा वर्षें थांबूं शकतात. पाऊस थांबत नाहीं. म्हणून यंदाच्या मृगापूर्वीं दूरच्या शहरांत बसलेल्या भावंडांपैकीं कोणी तरी एकानें पहिलें पत्र लिहावें आणि माळवदावर कोण चढणार एवढेंच त्यांत विचारावें. मालकी कोणाची, तें मागाहून ठरलें तरी चालेल.